बूट काढले म्हणजे झालं?

अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात ३६ सरावलेल्या धावपटूंचे दोन गट केले होते. एक गट नेहमीच्या बुटांतच धावत राहिला. दुसऱ्या गटाने दहा आठवड्यांत, सुचवलेल्या वेळापत्रकाप्रमाणे हळूहळू, पाच बोटं वेगळी असणारे पातळ सोलचे बूट वापरायला सुरुवात केली. शेवटी पायांचे एमआरआय पाहिले, तर पातळ बुटांतल्या १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली होती. नेहमीच्या बुटांतल्या १७ पैकी एकाच्याच पायात तसं दिसलं. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. अनवाणी धावणं वाईट, असा अर्थ त्यातून काढायचं कारण नाही. पण ‘हळूहळू’ म्हणून आपण जे करतो तेही हाडांना घाईचंच असू शकतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

अनवाणी धावण्याच्या या साऱ्या वेडाची सुरुवात २००९ साली आलेल्या ख्रिस्तोफर मॅकडूगल यांच्या ‘बॉर्न टू रन’ या पुस्तकापासून झाली. मेक्सिकोतल्या कॉपर कॅन्यनच्या दऱ्याखोऱ्यांत राहणारे रारामुरी लोक त्या पुस्तकाचे नायक. ते अनवाणी धावतात असं पुस्तक न वाचलेलेच जास्त ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात त्यांच्या पायांत पट्ट्यांनी बांधलेल्या टायरच्या चपला असतात, आपल्याकडे शेतावर वापरतात त्याच जातकुळीच्या.

लगोलग २०१० मध्ये हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. जन्मापासून अनवाणी धावणारे लोक बहुतेक वेळा चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीचा पहिला तडाखा बराच सौम्य होतो, असं त्यात होतं. वाचणाऱ्यांनी त्याचे दोन भलतेच अर्थ लावले: टाचेवर उतरणं म्हणजे पाप, आणि चवड्यावर उतरलं की दुखापत टळते. दुखापती कमी होतात असा दावा त्या निबंधात नव्हताच. पुढे २०१३ साली उत्तर केनियातल्या दासानाच लोकांचा अभ्यास झाला. तेही आयुष्यभर अनवाणी वावरलेले, पण आपल्या सोयीच्या वेगात धावताना त्यांची ७२ टक्के पावलं टाचेवरच पडत होती. वेग वाढला तसं हे प्रमाण कमी झालं. म्हणजे पाऊल कसं पडावं हे वेग, जमीन आणि सवय मिळून ठरवतात. चालण्याच्या गतीत रमतगमत धावणाऱ्याने मुद्दाम चवड्यावर नाचत जाण्याची गरज नाही. त्याने पोटऱ्या तेवढ्या धरतील.

इथिओपियाचे धावपटू अबेबे बिकिला यांचं नावही या वादात हमखास निघतं. १९६० च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन त्यांनी अनवाणी जिंकली, २ तास १५ मिनिटांत. चार वर्षांनी टोकियोत ते पुन्हा जिंकले, २ तास १२ मिनिटांत. त्या वेळी पायांत बूट होते.

आता आपल्याकडचा सगळ्यात लाडका युक्तिवाद: ‘आम्ही लहानपणी अनवाणीच हुंदडलोय, आमच्या पायांना काय होतंय!’ यात तथ्य आहे, पण ते बोलणाऱ्याच्या उपयोगाचं नाही. १९९२ साली भारतातल्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले गेले. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचं प्रमाण ८.६ टक्के होतं, न वापरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बूट घालणाऱ्यांपेक्षा चपला-सँडल घालणारे बरे होते. वाढत्या वयात पाय मोकळा असला की कमान चांगली घडते, एवढं यावरून म्हणता येईल. पण नंतर वीस वर्षं कार्यालयात बंद बूट आणि सकाळी जाड कुशनचे बूट घातल्यावर पंचेचाळिशीतला पाय दहाव्या वर्षीचा राहत नाही. तळव्यातले लहान स्नायू वापराविना सुस्तावतात. उंच टाचेच्या सोलमुळे पोटरी आणि टाचेमागची कंडरा थोड्या आखडत्या मापात काम करायला सरावते. वजनही वाढलेलं असतं, हे वेगळं सांगायला नको. शिवाय अंगणात हुंदडणं वेगळं आणि डांबरावर सलग अर्धा तास धावणं वेगळं. त्या अर्ध्या तासात एकेक पाऊल अडीच हजारांच्या आसपास वेळा आपटतं, दर वेळी शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार घेऊन.

बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारीत अनवाणी धावून जिंकलेल्या लता भगवान करे यांचा दाखला इथे दिला जातो. पण त्यांच्या पावलांमागे आयुष्यभराचे कष्ट होते. समाजमाध्यमावरचा व्हिडिओ पाहून सोमवारी बूट काढणाऱ्याने त्यांच्याशी बरोबरी सांगू नये.

घाई अंगाशी येते ती हाडांमुळे. दम लवकर वाढतो, स्नायू काही आठवड्यांत सावरतात, कंडरा आणि हाडांना मात्र महिने लागतात. नवा भार आला की हाड आधी थोडं झिजतं, मग नव्याने भरतं. या मधल्या काळात ते कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच धावणाऱ्याला ‘जमलं की!’ असं वाटू लागतं. म्हणूनच आधीपासून भरपूर धावणारे, छाती तयार असणारे लोक इथे जास्त फसतात. नवखा दमून थांबतो. मुरलेला दहा किलोमीटर काढतो आणि पावलाच्या लांब हाडांपैकी एखाद्यात बारीक चीर घेऊन येतो.

‘बेअरफूट बूट म्हणजे अनवाणीच’ हा समज मला सर्वांत धोक्याचा वाटतो. खरोखर अनवाणी धावताना तळव्याची कातडी लवकर तक्रार करते, चार-पाचशे मीटरमध्येच जळजळ होते आणि आपण थांबतो. पातळ सोल कातडीला गप्प करतो, हाडांवरचा भार मात्र तसाच राहतो. ब्रेक काढून टाकलेला असतो, हे लक्षातच येत नाही. सुरुवातीला वाळू किंवा गवत बरं, हाही असाच अर्धवट सल्ला. भुसभुशीत वाळूत टाच खचते आणि पोटरीवर ताण वाढतो; गवतात काच दिसत नाही. स्वच्छ, गुळगुळीत, कडक जमीन बरी. पाऊल जोरात पडतंय हे ती लगेच सांगते. एप्रिलच्या दुपारच्या डांबराबद्दल मी काही बोलत नाही.

मग बदल करायचा कसा? आधी घरात अनवाणी वावरायचं, मग पातळ बुटांत रोजचं चालणं. हा टप्पा लोक कमीपणाचा समजून गाळतात. पण लिव्हरपूल विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात सहा महिने रोजच्या वावरात असे बूट वापरणाऱ्यांच्या पावलांची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढली, तीही धावण्याचा वेगळा कार्यक्रम न देता. जोडीला पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करायच्या. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड चारशे मीटर ते फार तर दीड किलोमीटर, मग आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढ नको. बाकीचं धावणं जुन्याच बुटांत. पावलं आखूड ठेवायची आणि चवडा टेकल्यावर टाचही टेकू द्यायची. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमधल्या यवतेश्वरच्या उतारासारखी जागा अगदी शेवटी. दोन्ही पोटऱ्या सारख्या दुखत असतील तर ते नवेपण आहे. पावलाच्या वर एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल तर धावणं बंद करून डॉक्टरांकडे जायचं. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त राहायचं नाही. अशी चीर त्यात आठवडे-आठवडे दिसत नाही.

हे सगळं करून दुखापती संपतात का? त्या जागा बदलतात. गुडघ्यावरचा भार कमी होतो, घोटा, पोटरी आणि टाचेमागच्या कंडरेवरचा वाढतो. त्यामुळे गुडघ्याची जुनी कुरकुर असणाऱ्याला हा प्रयोग करून पाहायला हरकत नाही, पण टाचेमागे दुखणाऱ्याने त्यात पडू नये. आरोग्याचे फायदे सांगून असे पातळ बूट विकल्याबद्दलच्या खटल्यात ते बनवणाऱ्या व्हिब्रम कंपनीने २०१४ साली चूक मान्य न करता ३७.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. आणि ज्याचं काहीच दुखत नाही, त्याने मिलिंद सोमण अनवाणी धावतात म्हणून बूट काढण्याचं कारण मला दिसत नाही.

मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झाली असेल, तर हा प्रयोग बिलकूल नको. रुतलेला खिळा कळत नाही, जखम चिघळेपर्यंत पत्ता लागत नाही. अशांना डॉक्टर एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या चपला घरातसुद्धा घालायला सांगतात.