रुमानियातील ‘अनाथ’ बालके आणि संक्रमणकाळातील सामाजिक धोरण

हुकूमशाही कोसळली की तिने उभारलेल्या संस्थाही मोडीत निघतात, असा एक सर्वसाधारण समज आहे. रुमानियातील बालगृहांच्या बाबतीत तसे घडले नाही. त्याची कारणे प्रस्तुत लेखात तपासली आहेत.

निकोलाय चाउशेस्कू यांच्या शासनाने १९६६ मध्ये ७७० क्रमांकाच्या हुकमाने गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. १९६७ मधील जन्मसंख्या आदल्या वर्षाच्या सुमारे दुप्पट झाली. पुढे १९८० च्या दशकात परकीय कर्ज फेडण्यासाठी जनतेवर कठोर टंचाई लादण्यात आली. मूल पोसणे अशक्य झालेल्या कुटुंबांपुढे शासनाने पर्याय ठेवला तो मुख्यतः संस्थेचा. तीन वर्षांपर्यंतची बालके ‘लेआगन’मध्ये ठेवली जात (या शब्दाचा अर्थ ‘पाळणा’ असा आहे, हे नमूद करावेसे वाटते). त्यानंतर त्यांची वर्गवारी होई आणि अपंग ठरविलेल्यांची रवानगी वेगळ्या संस्थांत केली जाई.

डिसेंबर १९८९ मधील सत्तांतरानंतर हा हुकूम तत्काळ रद्द झाला. संस्था मात्र भरलेल्याच राहिल्या. जगाने तेथील मुलांना ‘अनाथ’ म्हटले. वस्तुतः बहुसंख्य मुलांचे आईवडील, निदान एक पालक, हयात होते. हा केवळ शब्दाचा प्रश्न नाही. मूल अनाथ मानले की त्याच्यासाठी नवे घर शोधले जाते. ते गरीब घरातले मानले तर त्या घरालाच आधार द्यावा लागतो. प्रारंभी पहिलाच मार्ग प्रबळ ठरला. जानेवारी १९९० ते जुलै १९९१ या काळात सुमारे दहा हजार मुले परदेशी दत्तक गेली. त्यांपैकी अनेक मुले मध्यस्थांनी संस्थांतून नव्हे, थेट गरीब कुटुंबांतून मिळविली होती. दुसरीकडे महागाई व बेकारी वाढत असल्याने प्रसूतिगृहांत मुले सोडून जाण्याचे प्रकार चालूच राहिले.

खरा बदल, प्रस्तुत लेखकाच्या मते, १९९७ मध्ये सुरू झाला. बालसंरक्षणाची जबाबदारी जिल्हा परिषदांकडे आली आणि वेतन घेऊन मूल सांभाळणाऱ्या प्रतिपालक कुटुंबांना मान्यता मिळाली. अशा कुटुंबांचे महत्त्व बुखारेस्टमधील १३६ बालकांच्या दीर्घ अभ्यासातून स्पष्ट झाले: दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांचा बौद्धिक व भावनिक विकास उशिरा गेलेल्यांपेक्षा अधिक चांगला झाला. युरोपीय संघाच्या प्रवेशाची अट हाही मोठा रेटा होता. परदेशी दत्तकविधानास २००१ मध्ये स्थगिती मिळाली आणि २००४ च्या कायद्याने दोन वर्षांखालील बालकांना संस्थेत ठेवण्यास मनाई केली. अपवाद ठेवण्यात आला तो तीव्र अपंगत्व असलेल्या बालकांचा.