एक सुट्टी द्या

केनियाने वेस्ट इंडीजला पुण्यात हरवलं, त्याला यंदा तीस वर्षं झाली. तारीख 29 फेब्रुवारी 1996. आमच्या जुन्या कट्ट्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यानिमित्त आठवणींना ऊत आला. केनिया 166, विंडीज सर्वबाद 93, लाराचा झेल घेणारा तो चष्मेवाला, गोलमटोल यष्टिरक्षक... सगळ्यांना सगळं पाठ. स्पर्धेचं पूर्ण नाव मात्र एकानेही लिहिलं नाही. विल्स वर्ल्ड कप होता तो. विल्स, म्हणजे सिगारेट.

सत्तर-ऐंशीच्या दशकांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. वडील चारमिनार ओढायचे, एसटीत ड्रायव्हर ओढायचा, तपासताना डॉक्टरही ओढायचे. डॉल आणि हिल या संशोधकांनी 1950 सालीच सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचं नातं मांडलं होतं. ते डेक्कनपर्यंत पोचायला चाळीसेक वर्षं लागली, इतकंच.

नव्वदचं दशक मात्र आमचं. सिगारेट कंपनीचं नाव भारतीय संघाच्या छातीवर होतं. आम्ही सचिनसाठी टाळ्या वाजवायचो आणि जाहिरात फुकटात व्हायची. त्याआधी ‘मेड फॉर ईच अदर’ म्हणत हसऱ्या जोडप्यांच्या स्पर्धा झाल्याच होत्या. इराण्याकडे बनमस्का, चहा आणि तिघांत एक छोटी गोल्ड फ्लेक. शेवटचा झुरका कोणाचा यावर भांडणं. लकी गेलं, नाझ गेलं, ती संध्याकाळभर चालणारी टेबलं गेली, त्याचं वाईट आजही वाटतं. धुराचं नाही वाटत.

याच काळात प्रायोगिक नाटकाच्या तालमीनंतर कट्ट्यावर बसून ‘सिगारेटशिवाय सुचत नाही’ असं सांगणारी थोर मंडळी होती. त्यांना जे सुचलं, ते आज कोणाला आठवत नाही. खोकला आठवतो. आणि गंमत म्हणजे पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र होतं. अनिल आणि सुनंदा अवचटांनी ते गर्दच्या विळख्यात सापडलेल्यांसाठी काढलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी हात दिला. आम्ही त्याबद्दल हळहळून बोलायचो, तेही बोटांत पेटती सिगारेट धरून. गर्दुल्ला तो व्यसनी. आम्ही नुसते ‘शौकीन’.

पुढचं भराभर झालं. मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 ला सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर बंदीचा आदेश दिला. त्याच वर्षी विल्स क्रिकेटमधून बाहेर पडलं. 2003 मध्ये कायदा, 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर नवे नियम, दंड 200 रुपयांपर्यंत. 2016 पासून पाकिटाच्या दर्शनी बाजूंचा 85 टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापला, पुढे त्यावर सोडायला मदत करणारा फोन नंबरही आला. कागदावर सगळं चोख.

पण पुण्यात पाकीट घेतो कोण? ‘एक सुट्टी द्या’ म्हटलं की सिगारेट हातात, लायटर दोरीला टांगलेला, आणि चित्र, इशारा, नंबर सगळं टपरीवाल्याच्या फळीवर. हे ओळखूनच महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्ट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली. हिंजवडीपासून फर्ग्युसन रस्त्यापर्यंत कुठेही उभे राहा आणि ही बंदी शोधून दाखवा.

‘एकच तर ओढतो’ हेही सुट्टीचंच अपत्य. रोज वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जितका जादा धोका, त्याच्या जवळजवळ निम्मा रोज एक ओढणाऱ्यालाही असतो. हिशोबाने विसावा हिस्सा हवा होता. रक्तवाहिन्यांना त्रैराशिक कळत नाही. विडी सौम्य, हा समजही असाच. तिच्यात निकोटिन आणि डांबर दोन्ही जास्त.

सोडण्याबद्दल आमच्या पिढीला एकच मंत्र दिला गेला: मनाचा निग्रह. त्या निग्रहाने कट्ट्यावरचे कितीतरी जण पुन्हा टपरीवर पोचले. खरं तर पहिले तीन दिवस सर्वांत वाईट, मग दोन ते चार आठवड्यांत चिडचिड ओसरते. तलफ काही मिनिटांत जाते. तेवढा वेळ टपरीपासून लांब काढायचा. निकोटिनचं च्युइंगगम मिळतं, पण ते साध्या गमसारखं चघळत बसायचं नसतं. थोडं चावलं, जीभ चुरचुरली, की गालात दाबून ठेवायचं. आधीची पंधरा मिनिटं कॉफी किंवा सरबत नको, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली लागत असेल, तर दोनऐवजी चार मिलिग्रॅमचं. गोळ्याही आहेत, त्या डॉक्टरला विचारून. डॉल यांनीच ब्रिटिश डॉक्टरांवर पन्नास वर्षं नजर ठेवून 2004 मध्ये दाखवलं की चाळिशीत सोडली तर सरासरी नऊ वर्षं परत मिळतात, साठीत तीन. ग्रुपवरच्या माझ्या मित्रांनो, तीन कमी नाहीत.

पाकिटावरचा तो मोफत नंबर 1800-11-2356. परवा तो मोठ्या अक्षरांत लिहून आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर नेला. टपरीवाला भला माणूस. म्हणाला, “चिकटवा की काका. फक्त समोर नको, तिथे कंपनीचा बोर्ड आहे, त्याचे पैसे येतात.”