तागडीतली दीपावली

उद्या घटस्थापना. करमाळ्यातल्या या रद्दीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. घरोघरी गोधड्या धुवायला निघाल्या आहेत आणि माळ्यांवरचं सगळं इथं येऊन पडतंय. वह्या, गाइडं, वर्तमानपत्रं, जुन्या लग्नपत्रिका. रस्त्यानं देवीच्या माळाकडे जाणाऱ्या गाड्यांचा धुरळा आत येतो. दुकानदार मामा एक गठ्ठा उचलून तागडीत टाकतात.

“मामा, थांबा. तेवढा बघू द्या.”

“बघा की. पर सुतळी सोडली तर परत बांधायची तुमीच.”

सोडतो. वर दोन ‘चांदोबा’, कसरीनं कडा खाल्लेले. खाली मुखपृष्ठ नसलेला ‘किर्लोस्कर’. त्याखाली एक जाडजूड अंक पालथा पडलाय. उलटा करतो आणि हात शर्टाला पुसून घेतो.

‘दीपावली’, साठच्या दशकातला. निरांजन घेतलेली बाई. उजेड हनुवटीखालून वर चढत गेलेला, पदराच्या काठावर येऊन थांबलेला. अगदी जवळ नेला की रंगांचे ठिपके वेगवेगळे दिसतात, लांब धरला की पुन्हा कांती होते. कोपऱ्यात सही : दलाल.

दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ हा दिवाळी अंक काढला. चित्रकारच मालक, म्हणून चित्राला तिथं मान. ‘रत्नप्रभा’चे रघुवीर मुळगावकरही तसेच. दोघेही गोव्याचे. चित्रांचं प्रदर्शन ज्या गावांनी कधी पाहिलं नाही, त्यांच्या घरात ही चित्रं टपालानं पोचली. कुणी कापून भिंतीला डकवली, कुणी काच लावून घेतली. माझ्या आजोळी देवघराशेजारी असंच एक होतं. ते कॅलेंडरवरचं नव्हे, अंकाचं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

“ह्यात लई हायत,” म्हणत मामा एक बांधीव खंड पुढं करतात. कुठल्याशा वाचनालयाचा शिक्का, बारा महिन्यांचे अंक, भक्कम कापडी पुठ्ठा. पानं चाळतो. कथा आहेत, कविता आहेत. मुखपृष्ठ एकही नाही. बाइंडरनं शिवायच्या आधी सगळी काढून टाकलीत. जाहिराती नि मुखपृष्ठं म्हणजे वरचं साल, असंच धरून चालायचे. मला याचा राग येतो. मजकूर सांभाळणाऱ्यांच्याच हातून चित्रं गेली, आणि टिकली ती बरीचशी अशा माळ्यांवर.

मामा ‘दीपावली’ तागडीत ठेवतात. काटा जेमतेम हलतो.

“ह्याचं काय घ्यायचं? न्या तसंच.”

मी पैसे ठेवतो, सुतळी पुन्हा बांधतो. बाहेर आणखी एक हातगाडी येऊन थांबलीय, पोती भरलेली.

माळा उतरवाल तेव्हा गठ्ठा तागडीत जाण्याआधी एकदा सोडून बघा. आणि जुने अंक बांधायला द्याल, तर बाइंडरला बजावून सांगा : मुखपृष्ठासकट.