वेदनेपासून दूर नेणारे हिमजग

भाजलेल्या रुग्णाची कसोटी अपघातानंतरच लागते. जखमेत जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून पट्ट्या वारंवार सोडाव्या लागतात, मृत त्वचा काढावी लागते आणि सांधे आखडू नयेत यासाठी दुखरे अवयव ताणावे लागतात. एरवीच्या वेदना मॉर्फिनसारख्या औषधांनी बऱ्याच अंशी आटोक्यात राहतात. परंतु या उपचारांच्या वेळी ती औषधे अनेकदा अपुरी पडतात. मात्रा वाढवावी, तर श्वसन मंदावण्याचा धोका संभवतो. शिवाय उद्याच्या यातनेच्या कल्पनेने रुग्ण आधीच धास्तावतो आणि ही धास्ती वेदना अधिक तीव्र करते.

अमेरिकेतील सिएटल येथे, वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन यांनी १९९६च्या सुमारास या प्रश्नाचा वेगळा विचार आरंभला. वेदना जाणवण्यासाठी तिच्याकडे लक्ष जावे लागते आणि मनुष्याची अवधानशक्ती मर्यादित असते. ती अन्यत्र गुंतविल्यास वेदनेच्या वाट्याला तिचा थोडाच भाग येईल, असे हे सूत्र होय.

त्यासाठी त्यांनी आभासी वास्तवाचा उपयोग केला. रुग्णाच्या डोळ्यांवर शिरस्त्राणासारखे उपकरण चढवितात. त्यामुळे भोवतालची खोली, परिचारिका व उपचाराची साधने दृष्टीआड होतात आणि संगणकाने निर्मिलेले त्रिमिती दृश्य समोर उभे राहते. मान वळविली की दृश्यही त्याप्रमाणे बदलते. भाजलेल्या रुग्णांसाठी रचलेल्या ‘स्नोवर्ल्ड’मध्ये आगीची आठवणही येऊ नये असे बर्फाचे जग आहे. रुग्ण हिमाच्छादित दरीतून तरंगत जातो आणि हिममानवांवर व पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकतो.

२००४ साली निरोगी स्वयंसेवकांना सोसवेल इतका उष्णतेचा चटका देऊन त्यांच्या मेंदूचे चित्रण करण्यात आले. आभासी जगात रमलेले असताना मेंदूतील वेदनेशी निगडित पाच भागांची क्रिया लक्षणीयरीत्या मंदावल्याचे आढळले. म्हणजे वेदना कमी झाल्याचे केवळ तोंडी सांगणे नव्हते. मेंदूतही त्याची खूण उमटत होती.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. काहींना मळमळते, तर चेहरा भाजलेल्यांना हे उपकरण घालणे अवघड जाते. ती औषधांची जागा घेत नाही, त्यांना हातभार लावते. तथापि ज्याला उद्या पुन्हा त्याच खोलीत जावयाचे आहे, त्याच्या मनातील भीती थोडी जरी उणावली, तरी उपचार सोसण्याचे त्याचे बळ वाढते.