विश्लेषण : नैराश्याचे उपचार परवडत नाहीत, तर करायचे काय?

पुण्या-मुंबईत समुपदेशनाच्या एका सत्राचे हजार ते दोन हजार रुपये सहज होतात. आठवड्याला एक सत्र धरले तर महिन्याचे पाच-सात हजार. घरभाडे, मुलांची फी आणि गावी पाठवायचे पैसे यांतून एवढी रक्कम काढणे ज्यांना जमत नाही, ते दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर जाणे बंद करतात, नाही तर पहिल्यापासूनच दुखणे अंगावर काढतात. मात्र नैराश्यावरचे काही उपाय वही-पेनाच्या खर्चात होतात आणि ते शेजारच्या गोव्यातच तपासून पाहिलेले आहेत. सरकारी रुग्णालयातील उपचार तर कायद्याने मिळालेला हक्क आहे. कुठे काय मिळते आणि घरी कुठपर्यंत निभावते, हे माहीत असले तर बरीच वणवण वाचते.

किती जण उपचारांविना राहतात?

बंगळूरुच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. (त्यात महाराष्ट्र नव्हता.) नैराश्य असलेल्या १०० पैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नसल्याचे त्यात आढळले. जी कुटुंबे उपचार घेत होती, त्यांचे महिन्याला हजार ते दीड हजार रुपये उपचारांवर आणि रुग्णालयापर्यंतच्या प्रवासावर जात होते. दहा वर्षांपूर्वीचे हे आकडे आहेत.

यातला प्रवासाचा उल्लेख महत्त्वाचा. देशात लाख लोकांमागे जेमतेम ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत, किमान तीन हवेत असे मानले जाते. जे आहेत ते बहुतेक शहरांत. त्यामुळे तालुक्याच्या गावातून येणाऱ्याला डॉक्टरांच्या फीबरोबरच एसटीचे भाडे, बुडालेला रोज आणि सोबत आलेल्या माणसाचाही खाडा एवढे सगळे मोजावे लागते. हातावर पोट असलेल्याला फी माफ केली तरी दर पंधरा दिवसांनी येणे परवडेलच असे नाही.

हे नैराश्यच आहे, हे कसे ओळखायचे?

सामना हरला तरी हल्ली ‘डिप्रेशन आले’ असे म्हटले जाते. डॉक्टरांच्या भाषेत नैराश्य म्हणायचे तर मन सतत उदास असणे किंवा कशातच गोडी न वाटणे यांपैकी निदान एक लक्षण, त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता यांच्या तक्रारी आणि हे सगळे किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, असे असावे लागते. आपल्याकडे अनेक जण ‘उदास वाटते’ असे म्हणतच नाहीत. अंग दुखते, डोके जड होते, जिवाला गोड लागत नाही, छातीत धडधडते, अशा तक्रारी घेऊन ते आधी फिजिशियनकडे जातात आणि तपासण्यांवरच पैसे संपवतात.

‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची छोटी चाचणी जगभर वापरली जाते. मराठीतही आहे आणि मोफत आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण असतात. एकूण २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले तर डॉक्टरांना दाखवावे. नववा प्रश्न आत्महत्येच्या विचारांविषयीचा आहे. त्याचे उत्तर ‘कधीच नाही’ याखेरीज काहीही असेल, तर एकूण बेरीज किती हे न पाहता मदत घ्यावी. ही चाचणी म्हणजे निदान नव्हे, पण डॉक्टरांसमोर काय बोलावे हे न सुचणाऱ्याला तो कागद पुढे करता येतो.

थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, ‘बी-१२’ची कमतरता यांतही अशीच मरगळ येते. या तपासण्या शक्य तितक्या सरकारी रुग्णालयात करून घ्याव्यात.

गोव्यात काय तपासले गेले?

गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले ४९५ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना केंद्रातले नेहमीचेच, थोडे सुधारलेले उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याखेरीज सहा ते आठ भेटींचे समुपदेशन मिळाले. प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. समुपदेशन करणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते. ते स्थानिक लोक होते आणि या कामापुरते प्रशिक्षण त्यांना दिले होते. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के जण नैराश्यातून बाहेर आले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. वर्षभरानंतरही हा फायदा बऱ्याच अंशी टिकून होता.

या पद्धतीचे शास्त्रीय नाव ‘बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन’. कल्पना साधी आहे. मन खचले की माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. आधी कट्ट्यावर जाणे थांबते, मग भावाचा फोन उचलणे, मग अंघोळही दुपारपर्यंत लांबते. यातून त्या क्षणी सुटका मिळते, पण ज्या गोष्टींमधून थोडाफार आनंद किंवा ‘आपल्याला जमले’ ही भावना मिळत होती, त्याही गेलेल्या असतात. कामे साठतात, लोक नाराज होतात आणि मन आणखी खचते. हे चक्र उलटे फिरवायचे तर उत्साह येण्याची वाट पाहून उपयोग नाही. आधी कृती, उत्साह मागाहून. ‘सकारात्मक विचार कर’ या सल्ल्यापेक्षा ही वाट रुग्णाला अधिक झेपते. खचलेल्या माणसाला विचार बदलणे फार जड जाते, दारापर्यंत चालत जाणे त्या मानाने सोपे.

घरी हे कसे करता येईल?

एक वही घ्यावी. पहिला आठवडा काहीही बदलू नये. दर दोन-तीन तासांनी काय केले आणि तेव्हा मन कसे होते, याला दहापैकी गुण एवढेच लिहावे. आठवडाभरात बहुतेकांच्या लक्षात येते की सगळे दिवस सारखे काळे नव्हते. समजा, रात्री मोबाइल पाहत पडून राहिल्यावर दोन गुण होते आणि सकाळी बहिणीशी बोलून भाजी आणली तेव्हा चार. हा फरक पकडायचा असतो.

दुसऱ्या आठवड्यापासून अशा दोन-तीन गोष्टी वेळ ठरवून वहीत लिहाव्यात आणि वाटो न वाटो, त्या वेळेला कराव्यात. त्या हास्यास्पद वाटाव्यात इतक्या छोट्या ठेवाव्यात. ‘रोज तासभर व्यायाम’ हा संकल्प तिसऱ्या दिवशी मोडतो आणि मोडल्याचा अपराधीपणा वर चढतो. ‘सात वाजता चपला घालून सोसायटीच्या गेटपर्यंत’ हे जमते. निखळ करमणुकीची एक गोष्ट, अडलेले एक काम आणि एका माणसाशी संपर्क, अशी सरमिसळ चांगली. जमले नाही तर ती गोष्ट निम्मी करावी, सोडू नये.

खर्च नसलेल्या उपायांत चालण्याला भक्कम आधार आहे. २०२४ मध्ये ‘बीएमजे’ने २१८ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. चालणे किंवा धावणे, योगासने आणि वजन उचलण्याचे व्यायाम यांनी नैराश्य कमी होते असे त्यात दिसले. उठण्याची वेळ रोज एकच ठेवल्याने झोपेची घडी बसायला मदत होते. दारू मात्र झोपेचे आणि नैराश्याचे, दोन्हींचे नुकसान करते. ‘दोन पेगने झोप लागते’ हा स्वस्त उपाय फार महाग पडतो.

आता एक अडचण. नैराश्यामागे सावकाराचे व्याज, गेलेली नोकरी किंवा घरातली मारहाण असेल, तर फेरफटका मारून ती जाणार नाही. गोव्यातल्या पद्धतीत म्हणूनच अडचणी सोडवण्याचाही भाग होता. सगळ्या अडचणी कागदावर लिहायच्या, आपल्या हातात काही आहे अशी एक निवडायची, तिच्यावरचे जमतील ते सगळे मार्ग मांडायचे, त्यांतला एक आठवडाभर करून पाहायचा. डोक्यात फिरणारे कर्ज आणि कागदावर लिहिलेले कर्ज यांच्या ओझ्यात फरक असतो.

हे सगळे एकट्याने करण्यापेक्षा एखाद्या विश्वासू माणसाला वही दाखवावी. त्याने उपदेश करू नये, आठवड्यातून दोनदा ‘काय लिहिलेस?’ एवढे विचारले तरी पुष्कळ.

मोफत उपचार कुठे, कोणत्या हक्काने?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. सरकारी यंत्रणेतून परवडणाऱ्या दरात मानसिक उपचार मिळण्याचा हक्क या कायद्याच्या कलम १८ ने प्रत्येकाला दिला आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला हे उपचार पूर्ण मोफत आहेत, हातात पिवळे कार्ड नसले तरीही. आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळायला हवीत, असेही त्यात आहे.

प्रत्यक्षात जायचे ते जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तेथे बाह्यरुग्ण तपासणी होते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाची, पालिकेची रुग्णालये पालिकेची, त्यामुळे तेथे केसपेपरचे शुल्क पडते, पण खासगीच्या तुलनेत ते नगण्य. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहेत. ‘येरवड्याला गेला’ या शब्दांची धास्ती इतकी आहे की लोक दारातून परत फिरतात. बाह्यरुग्ण विभागात दाखवून, गोळ्या घेऊन माणूस दुपारी घरी येतो, भरती होण्याशी त्याचा संबंध नाही.

अर्थात रांग असते, डॉक्टरांना प्रत्येकाला द्यायला वेळ कमी असतो आणि कधी गोळ्याही संपलेल्या असतात. तपासणीचे वार आधी विचारून घ्यावेत, लवकर पोहोचावे, लक्षणे आणि चालू औषधे कागदावर लिहून न्यावीत. पाच मिनिटांच्या भेटीत त्या कागदाने बरेच काम होते.

रुग्णालयात जाणे शक्यच नसेल तर १४४१६ हा ‘टेली मानस’चा क्रमांक आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ही सेवा सुरू केली. ती २४ तास आणि मोफत आहे. मराठीत बोलता येते आणि गरज पडल्यास तज्ज्ञांशी जोडून दिले जाते.

गावात डॉक्टरच नसेल तर?

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबवला गेला. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी नैराश्याविषयी बोलायला सुरुवात केली, प्राथमिक आधार दिला, गरजूंना डॉक्टरांपर्यंत नेले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ उपक्रमात गावातील स्वयंसेवकांनी हेच काम केले. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांचे प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत राज्य सरकारच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशा कार्यकर्त्यांवर घरोघरी विचारपूस करण्याची जबाबदारी आहे. तेव्हा आशाताईंशी बोलणे ही चांगली सुरुवात ठरू शकते. त्यांच्या कामाच्या यादीत हे आणखी एक काम घालून मानधन तेवढेच ठेवण्याबद्दल मात्र सरकारला विचारायला हवे.

घरगुती उपायांवर कधी विसंबू नये?

मरणाचे विचार येत असतील, खाणेपिणे सुटले असेल, भास होत असतील, बाळंतपणानंतर आईची अवस्था बिघडली असेल किंवा पूर्वी कधी विनाकारण अति उत्साहाचे, झोपेविना राहण्याचे दिवस येऊन गेले असतील, तर वहीवर थांबू नये. थेट डॉक्टर गाठावा. तातडीच्या वेळी १४४१६, ११२ किंवा १०८ वर फोन करावा आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. घरातील कीटकनाशके आणि गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात द्यावा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट अनेकांना कुणी तरी विचारले याने हायसे वाटते. पोलिसांच्या धाकाने उपचार लांबवू नयेत. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरावे आणि तिला शिक्षा करू नये, असे २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ सांगते.

खासगीत एकदाच पैसे घालता येणार असतील तर?

ते निदानासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे घालावेत. त्यांना ऐपत पहिल्याच भेटीत सांगावी. औषध जेनेरिक नावाने लिहून मागावे. नैराश्यावरील फ्लुओक्सेटिन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारखी औषधे जुनी आहेत, जनऔषधी केंद्रांत ती ब्रँडच्या गोळ्यांपेक्षा बरीच स्वस्त पडतात. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर ती घेऊ नयेत. पुढचा पाठपुरावा त्याच चिठ्ठीवर जिल्हा रुग्णालयात करता येईल का, हेही विचारावे.

समुपदेशकाकडे जायचे असेल तर कमी उत्पन्न असलेल्यांसाठी सवलतीचा दर आहे का, पंधरा दिवसांतून एक भेट चालेल का, मधल्या काळात घरी काय करायचे, हे आधीच ठरवून घ्यावे. अनेक जण सवलत देतात, पण ती फलकावर लिहिलेली नसते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नको. चार दिवसांच्या कार्यशाळेच्या प्रमाणपत्रावर ‘माइंड कोच’ झालेल्यांची फीही काही कमी नसते.

गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक लागतात. सुरुवातीला मळमळ, अस्वस्थता होते ती बहुधा ओसरते, पण अस्वस्थता वाढत गेली किंवा मरणाचे विचार आले तर लगेच डॉक्टरांना कळवावे. बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने औषध चालू ठेवायला सांगितले जाते, नेमक्या याच टप्प्यावर ‘आता कशाला खर्च’ म्हणून अनेक जण ते सोडतात. एकदम सोडल्याने चक्कर, चिडचिड, झोपमोड होते आणि नैराश्य उलटण्याचा धोका वाढतो. पैशाअभावी गोळ्या थांबवण्याची वेळ आलीच, तर पाकीट संपण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना किंवा १४४१६ वर तसे सांगावे. स्वस्त पर्याय देणे, मात्रा हळूहळू उतरवणे किंवा सरकारी रुग्णालयातून गोळ्या मिळण्याची सोय पाहणे, हे एवढ्या वेळात होऊ शकते.