तिसरी घंटा झाली, आणि तो म्हणाला, ‘मला जमणार नाही’

हा एपिसोड ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती. बोलताना जिथे मी अडखळले तिथे थोडी सफाई केलीय, बाकी तसंच ठेवलंय. आधीच सांगते, आज पॅनिक, दुःख, नैराश्य याबद्दल बोलणं आहे. आज झेपत नसेल तर नंतर वाचा, एपिसोड कुठे पळून जात नाही.

तर मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमची एकांकिका एका स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलेली. मी बॅकस्टेजला, प्रॉपर्टी सांभाळत होते. दुसरी घंटा झाली आणि आमचा मेन रोल करणारा मित्र विंगेत खाली बसला. हात गार, ओठ पांढरे. म्हणाला, “बोटं बधिर झालीयेत. छातीत काहीतरी होतंय. मला जमणार नाही.”

आम्ही काय केलं? सगळ्यांनी त्याच्याभोवती कोंडाळं केलं. एकजण म्हणाला, “मोठे मोठे श्वास घे.” दुसरा म्हणाला, “अरे, तीन महिने तालीम केलीय, नाटकं करू नकोस.” नाटकाच्याच विंगेत हे वाक्य, काय बोलायचं! तिसरी घंटा झाली, पडदा सरकायला लागला आणि आम्ही त्याला अक्षरशः ढकललं. ढकलणाऱ्या हातांमध्ये एक हात माझा होता.

त्याने काम केलं. उत्तम केलं. आम्हाला बक्षीस मिळालं. पुढची दोन वर्षं प्रत्येक नव्या बॅचला हा किस्सा रंगवून सांगितला गेला: “आपला हिरो मरायला टेकला होता, पण एन्ट्री चुकवली नाही!” तो मात्र त्यानंतर कधीच स्टेजवर गेला नाही. हे किश्शात कुणी सांगायचं नाही.

असे किस्से आपल्याकडे खूप आहेत, आणि आपण ते फार प्रेमाने जपतो. सगळ्यात मोठा किस्सा बालगंधर्वांचा. १२ मार्च १९११, मुंबई, किर्लोस्कर नाटक मंडळी, खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली. तरी प्रयोग झाला आणि ते भामिनी म्हणून उभे राहिले. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या वयाचे. दुसरा किस्सा विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचा. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा स्टेजवर आल्या, असं सांगतात. पुढचा भाग जरा कमी वेळा सांगितला जातो: त्यांचं सपाट पोट पाहून प्रेक्षकांच्या लक्षात आलं आणि त्यांनीच खेळ थांबवायला सांगितलं. मला तर या गोष्टीत तेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. थांबा म्हणणारं कुणीतरी होतं, आणि ते तिकीट काढून आलेले लोक होते.

मी या दोघांचा मोठेपणा कमी करत नाहीये. पण हे किस्से आपण तालमीच्या हॉलमध्ये सांगतो तेव्हा समोरच्या अठरा वर्षांच्या पोराला काय ऐकू येतं? ‘त्यांची मुलगी गेली तरी त्यांनी प्रयोग केला, आणि तुला नुसती धडधड होतेय?’ बालगंधर्वांचं त्या रात्री मेकअप उतरवल्यावर काय झालं असेल, घरी गेल्यावर त्यांनी कुणाशी काय बोललं असेल, हे किश्शात नसतं. किस्सा टाळ्यांवर संपतो. माणूस टाळ्यांनंतर घरी जातो.

मग प्रयोग रद्द का करत नाहीत? कलेवरची निष्ठा वगैरे आहेच, पण त्याहून साधं कारण पैशाचं आहे. व्यावसायिक नाटकात बहुतेकांना महिन्याचा पगार नसतो, ‘नाईट’ असते. प्रयोग झाला तर पैसे. प्रयोग पडला तर नटाची नाईट जाते, लाईटवाल्याची जाते, सेट लावणाऱ्यांची, कपडेपटाची, मेकअपची, सगळ्यांचीच जाते. दौऱ्यावर असाल तर बस लागलेली असते, तिकडचा कॉन्ट्रॅक्टर थांबलेला असतो. अशा वेळी ‘आज मला बरं वाटत नाहीये’ हे वाक्य उच्चारायचं म्हणजे वीसेक घरांच्या चुलीवर पाणी ओतल्यासारखं वाटतं. ताप असला तर निदान थर्मामीटर दाखवता येतो. मनाचं काय दाखवणार?

ब्रॉडवेवर यावर एक व्यवस्था आहे: अंडरस्टडी आणि स्विंग. मुख्य नटाची भूमिका पाठ असलेला माणूस तयारच ठेवलेला असतो, त्याच कामाचे त्याला पैसे मिळतात. डिसेंबर २०२१ मध्ये ‘द म्युझिक मॅन’च्या मुख्य नटीला कोव्हिड झाला, तेव्हा कॅथी व्होयटको नावाची स्विंग तिच्या जागी उभी राहिली, आणि प्रयोगानंतर ह्यू जॅकमनने प्रेक्षकांसमोर तिचं आणि सगळ्याच स्विंग मंडळींचं भरभरून कौतुक केलं. आपल्याकडे ‘रिप्लेसमेंट’ करतात, पण ती बहुतेक वेळा कुणी नाटक सोडल्यावर. आज रात्रीसाठी सहसा कुणी नसतं. त्यामुळे ‘मी नाही तर प्रयोग नाही’ हा नुसता अहंकार नसतो, बऱ्याचदा ती वस्तुस्थिती असते. आणि ती खांद्यावर घेऊन माणूस रोज विंगेत उभा राहतो.

आता माझ्या मित्राच्या बोटांकडे येऊ, कारण ती बधिर का झाली हे मला खूप उशिरा कळलं.

शेकडो डोळे आपल्यावर रोखलेत, चुकलो तर सगळ्यांसमोर चुकणार, हे कळलं की शरीर धोक्याच्या मोडवर जातं. अ‍ॅड्रेनलिन सुटतं. हृदय जोरात धावतं. त्वचेकडचा आणि पोटाकडचा रक्तपुरवठा कमी होऊन मोठ्या स्नायूंकडे वळतो, म्हणून हात गार पडतात आणि पोटात गोळा येतो. तोंड कोरडं पडतं, गाणाऱ्यांचे याने फार हाल होतात. श्वास भराभर व्हायला लागतो. इथेच गंमत आहे. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्याने चक्कर येते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी वाटते. माणसाला वाटतं, आपण मरतोय. मग तो अजून जोरात श्वास घेतो.

आणि आम्ही त्याला काय सांगत होतो? “मोठे मोठे श्वास घे!” म्हणजे आगीवर रॉकेल. सांगायला हवं होतं ते हे, की श्वास हळू घे आणि सोडताना लांबव, मेणबत्ती न विझवता तिच्यावर फुंकर घातल्यासारखा. पॅनिकची लाट साधारण काही मिनिटांत टोकाला जाते आणि मग ओसरायला लागते. तेवढी मिनिटं कुणीतरी शांतपणे शेजारी बसलं तर पुष्कळ असतं. (छातीत दुखणं पहिल्यांदाच होत असेल किंवा थांबत नसेल, तर मात्र ‘पॅनिकच असेल’ म्हणून घरी बसू नका, डॉक्टरकडे जा.)

हे फक्त नवख्यांचं होतं असं वाटत असेल तर लॉरेन्स ऑलिव्हिएचं ऐका. शेक्सपिअरच्या नाटकांचा विसाव्या शतकातला बादशहा, लंडनच्या नॅशनल थिएटरचा प्रमुख. १९६४ च्या सुमाराला, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्याला अचानक स्टेजची इतकी भीती बसली की ती पुढे साधारण पाच वर्षं पुरली. ‘ऑथेल्लो’मध्ये इयागो करणाऱ्या फ्रँक फिनलेला त्याने विनंती केली होती, की माझं स्वगत चालू असताना विंगेत मला दिसशील असा उभा राहा. बास, एवढंच. बार्ब्रा स्ट्रायसँडचंही तसंच. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये प्रचंड गर्दीसमोर ती गाण्याचे शब्द विसरली, आणि त्यानंतर तिकीट लावून जाहीर कार्यक्रम करणं तिने जवळपास सत्तावीस वर्षं टाळलं.

मला ऑलिव्हिएचा उपाय फार आवडतो. त्यात ना मोटिव्हेशन आहे, ना ‘डर के आगे जीत’. एक माणूस दिसेल असा उभा राहा, इतकंच मागणं आहे.

दुसरे उपायही आहेत. २०१४ साली हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना अनोळखी माणसांसमोर कॅराओके गायला लावलं. गाण्याआधी ‘मी एक्सायटेड आहे’ असं मोठ्याने म्हणणाऱ्यांनी, ‘मी घाबरलोय’ म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं गायलं. मुद्दा असा, की धडधडणारं हृदय ऐन वेळी शांत करणं कठीण असतं. त्या धडधडीचं नाव बदलणं त्या मानाने सोपं.

आणि मग गोळी. याबद्दल दबक्या आवाजात बोललं जातं म्हणून मोकळेपणाने सांगते. प्रोप्रॅनोलॉल नावाचं बीटा ब्लॉकर औषध आहे, मुळात हृदयाच्या त्रासासाठी आलेलं. ते अ‍ॅड्रेनलिनचा शरीरावरचा परिणाम अडवतं, म्हणजे हात थरथरत नाहीत, धडधड कमी होते. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांमधल्या दोन हजारांहून जास्त वादकांचा सर्व्हे झाला, त्यात सत्तावीस टक्के लोकांनी बीटा ब्लॉकर वापरल्याचं सांगितलं. म्हणजे कोपऱ्यातला व्हायोलिनवाला एकटा नव्हता. पण मित्राने दिलेली गोळी तोंडात टाकू नका. दमा असेल तर हे औषध धोकादायक ठरू शकतं. डॉक्टरला विचारूनच, आणि तेही आधी घरी घेऊन पाहून, थेट प्रयोगाच्या दिवशी नाही.

इथपर्यंत भीतीचं झालं. पण कलाकारांशी गप्पा मारताना मला जाणवलं, की प्रयोगापूर्वीचा अर्धा तास त्यांना सांभाळता येतो. सांभाळत नाही ती प्रयोगानंतरची रात्र. साडेबाराला पडदा पडला तरी अंगातलं अ‍ॅड्रेनलिन पडत नाही. जेवण एक वाजता. बस दोन वाजता. पहाटे कुठल्यातरी लॉजच्या खोलीत डोळे सताड उघडे. मग झोप यावी म्हणून दारू, तिने झोप लागते खरी पण मोडत मोडत, आणि सकाळी जास्तच पोकळ वाटतं. हे महिनोन्‌महिने चाललं की नैराश्याला आत यायला दार लागत नाही.

रील्स करणाऱ्यांनो, तुम्हाला वाटेल आपली यातून सुटका आहे. उलट आहे. नाटकाला निदान पडदा पडतो. तुमचा प्रयोग रात्री तीन वाजताही चालू असतो आणि प्रेक्षक खिशात कंपन पावत असतात.

कोव्हिडमध्ये हे उघडं पडलं. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली, मधले काही महिने अर्ध्या खुर्च्यांवर चालली, पुन्हा बंद झाली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत निम्म्या क्षमतेने उघडली. तमाशाच्या फडांचे तर हंगामच्या हंगाम गेले. पैसा गेलाच, पण ‘मी नट आहे’ हे सांगायला जागाही उरली नाही. ज्याची सगळी ओळख टाळीवर उभी आहे, त्याची टाळी बंद झाली की खाली काय उरतं?

त्यामुळे फरक लक्षात ठेवा. स्टेजची भीती प्रयोगाशी बांधलेली असते, प्रयोग संपला की बहुतेकदा उतरते. पण दोन आठवडे किंवा जास्त काळ रोज उदास वाटतंय, झोप-भूक बिघडलीय, आवडती तालीमही नकोशी झालीय, किंवा जगणंच नको वाटतंय, तर हे वेगळं आहे. त्याला आजार म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह करा, स्वतःसाठी नसला तरी ग्रुपमधल्या कुणासाठी.

हा एपिसोड रेकॉर्ड करण्याआधी मी त्या मित्राला फोन केला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सॉरी म्हटलं. तो हसला. म्हणाला, “अगं, ट्रॉफी कशी दिसत होती तेही मला आठवत नाही.” मग जरा थांबून म्हणाला, “तो लाईटवाला दादा आठवतो. ब्लॅकआउटमध्ये मी विंगेत आलो तेव्हा त्याने काही न बोलता पाण्याची बाटली दिली आणि पाठीवर हात ठेवला. पुढच्या एन्ट्रीपर्यंत काढलाच नाही.”

त्या दादांचं नाव आम्हा दोघांनाही माहीत नाही. तो स्पर्धेच्या हॉलचा माणूस होता, आमच्या टीमचा नव्हता. मित्र म्हणतोय, पुढच्या महिन्यात तो एका छोट्या अभिवाचनाला जाऊन बघणार आहे. वाचायला नाही, फक्त ऐकायला. मी सोबत येऊ का, असं विचारलंय. “ये,” म्हणाला, “पण ढकलू नकोस.”