यकृत निष्क्रियता

शरीराच्या किमान गरजा भागविण्यासही यकृत असमर्थ ठरते, त्या अवस्थेस यकृत निष्क्रियता म्हणतात. बोलभाषेत यालाच ‘लिव्हर निकामी होणे’ असे म्हटले जाते. हा स्वतंत्र रोग नसून अनेक विकारांची अंतिम परिणती होय. रक्त साखळण्यास आवश्यक असलेले बहुतेक घटक यकृतात तयार होतात. आतड्यातून आलेल्या अमोनियाचे यूरियात रूपांतर आणि रक्तातील ग्लुकोजाचे नियमन ही कार्येही तेथेच होतात. निरोगी यकृताचा सु. दोन-तृतीयांश भाग काढून टाकला, तरी उरलेला भाग वाढून काम सांभाळतो. या मोठ्या राखीव क्षमतेमुळेच यकृताचा ऱ्हास दीर्घकाळ लक्षात येत नाही.

तीव्र प्रकार : पूर्वी निरोगी असलेले यकृत काही दिवसांत वा आठवड्यांत निकामी होते. ब्रिटनमध्ये पॅरासिटामॉलाची अतिमात्रा हे याचे प्रमुख कारण आहे. भारतात दूषित पाण्यातून पसरणारे ए व ई यकृतशोथाचे व्हायरस, क्षयरोगावरील काही औषधे आणि पिवळा फॉस्फरस असलेले उंदीरनाशक मलम ही महत्त्वाची कारणे होत. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सु. २९,००० लोकांना कावीळ झाली. ती ई व्हायरसामुळे होती, हे पुढे कित्येक वर्षांनी सिद्ध झाले. या व्हायरसाचा संसर्ग गर्भवतींना विशेष घातक ठरतो.

अन्नातील विषानेही असाच घात होतो. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांतील आदिवासी गावांत अवकाळी पावसाने मका भिजला आणि त्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली. तिच्यातील अफ्लाटॉक्सिनामुळे ३९७ जण आजारी पडले व १०६ दगावले. रुग्णांना कावीळ व जलोदर झाला. त्याच घरांतील अन्न खाणारी कुत्रीही मेली. मका हेच ज्यांचे मुख्य अन्न होते, त्यांनाच ही बाधा झाली. बुरसलेले धान्य टाकून देणे गरिबाला परवडत नाही, ही या घटनेमागील खरी अडचण होय.

धोक्याची लक्षणे : काविळीचा रुग्ण दिवसा झोपू लागला व रात्री जागा राहू लागला, असंबद्ध बोलू लागला, त्याचे हस्ताक्षर बिघडले किंवा पुढे धरलेले पंजे फडफडू लागले, तर मेंदूवर परिणाम सुरू झाला असे समजावे. हिरड्यांतून रक्त येणे हेही तितकेच गंभीर लक्षण आहे. अशा वेळी डोळे किती पिवळे आहेत याला फारसे महत्त्व नसते. रक्त साखळण्यास लागणारा काळ अधिक विश्वसनीय असतो. रुग्ण अस्वस्थ आहे म्हणून झोपेचे औषध देणे धोक्याचे असते. ए व ई प्रकारची बहुतेक कावीळ आपोआप बरी होते. म्हणूनच चुन्याच्या पाण्याने ‘कावीळ उतरविणे’ किंवा गळ्यात माळ घालणे यांना यशाचे श्रेय मिळते. मात्र उरलेल्या थोड्या रुग्णांचा मोलाचा वेळ त्यात जातो.

चिरकारी प्रकार : मद्यपान, बी व सी यकृतशोथ आणि मधुमेह व स्थूलतेबरोबर येणारे मेदयुक्त यकृत यांमुळे वर्षानुवर्षे व्रण होऊन यकृत सूत्रण रोग होतो. जलोदर, रक्ताची उलटी व सुस्ती ही उशिरा दिसणारी लक्षणे होत. बद्धकोष्ठ किंवा साधा जंतुसंसर्गही अशा रुग्णास बेशुद्धीकडे नेऊ शकतो.

उपचार व प्रतिबंध : पॅरासिटामॉलाच्या विषबाधेवर ॲसिटिलसिस्टीन हे औषध लवकर दिल्यास यकृत वाचते. इतर कारणांत ग्लुकोज, जंतुसंसर्गावरील औषधे इत्यादींचा आधार देऊन यकृताच्या पुनर्जननाची वाट पाहतात. ते न झाल्यास प्रतिरोपण हाच उपाय राहतो. टॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत मानवी यकृताचे पहिले प्रतिरोपण केले. भारतात १९९४ च्या अवयव प्रतिरोपण कायद्यानंतर, १९९८ मध्ये त्यात यश आले. बी यकृतशोथाची लस जन्मानंतर २४ तासांच्या आत देतात. सी प्रकारावर लस नाही, पण तोंडाने घ्यावयाच्या औषधांनी तो बहुधा ८ ते १२ आठवड्यांत बरा होतो. क्षयरोगाची औषधे चालू असताना मळमळ, अन्नद्वेष किंवा गडद लघवी आढळल्यास त्याच दिवशी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते.